काठी टेकते तोवर

ता. ६ फेब्रुवारी

चि. बगळ्या,

आशीर्वाद लिहू की नको, या विचारात अर्धी सकाळ गेली. शेवटी लिहितो आहे. घ्यायचे की नाही ते तुझं तू ठरव.

अक्षर ओळखलंस का? चौथीत ज्या अक्षरासाठी माझे कान पिळले गेले, तेच हे. कान लांब झाले, अक्षर तसंच राहिलं. तुझा पत्ता मास्तरांनी मिळवून दिला. त्यांचा भाचा तुमच्या धरणावर कामाला लागला आहे. तो म्हणाला, पंपघरात एक उंच म्हातारा आहे, कुणाशी बोलत नाही आणि एका पायावर उभा राहून पेपर वाचतो. मी म्हटलं, झालं, तो आमचाच.

माझे गुडघे गेले आहेत. डोळेही जायच्या तयारीत आहेत. तुझी वहिनी बरी आहे. तुला पत्र लिहितो आहे हे तिला सांगितलेलं नाही. विचारलंच तर पेन्शनचा अर्ज आहे म्हणेन.

कामाचं लिहितो. तळ्यावर आता बेचाळीस होड्या आहेत. आपण दोघं होतो तेव्हा सात होत्या, आठवतं? त्यातली एक तर बुडण्यासाठीच ठेवलेली. आता अकरा होड्यांना इंजिन आहे. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसते. बेटावरची पाखरं मात्र गेल्या हंगामात निम्मीच आली. सरकारी कागदावर बेटाभोवती एक तांबडी रेघ आहे म्हणतात. कागदावर असेल. पाण्यावर ती कुणाला दिसत नाही, म्हणून कुणी पाळत नाही.

वनखात्यात नव्या बाई आल्या आहेत. वयाने पोर आहे, पण ऐकून घेते. तिने धक्क्यावर सगळ्यांना सांगितलं, "रेघ आता तुम्ही ठरवा. मी आखलेली तुम्ही मोडाल, तुम्ही आखलेली तुम्हीच राखाल." दहा मार्चला शाळेत बैठक आहे. नावाडी, जाळेवाले, लॉजवाला, टपरीवाल्या काकू, सगळ्यांनी आपलं म्हणणं मांडायचं. ठरेल तिथे तरंगती पिंपं बांधणार. सगळ्यात जुना नावाडी म्हणून शेवटी मी बोलायचं आहे.

माझा थोरला, तुझ्या खांद्यावर बसून पोहायला शिकलेला, आता नावाड्यांचा पुढारी झाला आहे. तो घरोघर सांगत फिरतो, "आमच्या आजोबांचा नियम आहे, तोच लावा. काठी टेकते तोवर आपलं, टेकेना तिथून पाखरांचं."

बाबांचं वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं की मला घाम फुटतो. बाबांच्या वेळी बेटाभोवती दोन पुरुष खोल पाणी होतं. काठी टेकेनाशी झाली की आपण मुकाट्याने वळायचो. आता वरचा रस्ता झाल्यापासून इतका गाळ आला आहे की काठी कुठेही टेकते. बेटावरच्या झाडाच्या मुळापर्यंत टेकते. थोरल्याला हे चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर त्याला आजोबा आठवले.

तू जाण्याआधी धक्क्यावर मला काहीतरी सांगितलं होतंस. पाखराच्या मानेबद्दल. मी तेव्हा ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. एवढं आठवतं की पहिल्या पाखराने मान वर केली की थांबायचं आणि तिथून मागे यायचं. पण किती मागे? दोन होड्यांच्या लांबीएवढं की तीन? तेवढं एका कार्डावर कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

त्या साली जे झालं त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. झालं गेलं.

सूनबाई माळा साफ करायचा म्हणते आहे. मी नको म्हटलं. धूळ उडते.

तुझा
दादा

ता. १९ फेब्रुवारी

चि. बगळ्या,

कार्ड आलं नाही. पोस्टमनला विचारलं, माझं पत्र परत तर नाही ना आलं? तो म्हणाला, "आजोबा, परत आलं नाही म्हणजे तिकडे कुणीतरी घेतलं." एवढ्यावर मी दहा दिवस काढले. मग शंका आली की घेणारा तूच कशावरून? पंपघरात दुसराही कुणी एका पायावर उभा राहत असेल.

हल्ली पहाटे जाग येते आणि मी उगाच धक्क्यावर जाऊन बसतो. तळं तेच आहे. डोळे मिटले की सगळं जागच्या जागी येतं. बाबा वल्ह्यांना ओली फडकी गुंडाळताहेत, घासल्याचा आवाज होऊ नये म्हणून. म्हणायचे, "पाखरांना वल्ह्याचा आवाज नको आणि मला तुमचा." तू पुढच्या टोकाला पालथा पडलेला, हनुवटी लाकडावर, पाय माझ्या मांडीवर. तेव्हाच इतका लांब होतास की होडी तुला आखूड पडायची. धुक्यातून आधी आवाज यायचा. करकोचे चोची वाजवायचे, कुणी लांबवर सुकी लाकडं रचत असल्यासारखं. मग झाडं दिसायची, आणि झाडांवर पांढरं पांढरं. तू श्वास धरायचास आणि सोडायला विसरायचास. बाबा पाठीत एक धपाटा घालायचे तेव्हा तो सुटायचा.

आणि ते जज्जसाहेब? दर हिवाळ्यात यायचे. दुर्बीण, पावाचा तुकडा आणि एक उशी. दिवसभर होडीत बसायचे, अवाक्षर नाही. उतरताना एकच वाक्य, "उद्या याच वेळी." आता येणारे उतरताना विचारतात, झालं एवढंच? आणखी जवळ नाही का नेत?

परवा वनखात्याच्या बाई घरी आल्या होत्या. खुर्ची दिली तर नको म्हणाल्या, पायरीवरच बसल्या. हातात खात्याची जुनी वही होती. म्हणाल्या, "आजोबा, दुष्काळाच्या सालची एक नोंद आहे. ऐन अंड्यांच्या दिवसांत सगळी पाखरं उठून गेली, पुढे सात वर्षं आली नाहीत. एका नावाड्याचा परवाना काढून घेतला असंही लिहिलंय. कोण होता तो?"

मी म्हटलं, "होता एक."

आत भांड्याचा आवाज झाला. पडल्याचा नव्हे, आपटल्याचा. तुझी वहिनी चहा घेऊन बाहेर आली तेव्हा बाईंचा कप हातात दिला आणि माझा पायरीवर ठेवला, मला वाकावं लागेल असा.

बगळ्या, मी "होता एक" म्हटलं. सख्ख्या भावाला. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

दोन की तीन, कळव.

दादा

ता. २ मार्च

चि. बगळ्या,

माळा साफ झाला. मी दवाखान्यात गेलो होतो तेवढ्यात सूनबाईने शिडी लावली. परत आलो तर बाकावर गवती टोपी. मोठ्या काठाची, निळी फीत, बायकी. सूनबाई म्हणाली, "बाबा, ही कुणाची हो? पोत्यात गुंडाळून ठेवली होती." तुझी वहिनी तिथेच शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. मी म्हटलं, असेल कुणाची तरी, टाकून दे. वहिनी म्हणाली, "टाकू नकोस गं. चांगली आहे. लागेल कधी."

आता लिहितोच. तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या हातचं तू कधी वाचलेलं नाहीस.

त्या साली पाणी इतकं उतरलं होतं की धक्क्याच्या शेवटच्या पायऱ्याही उघड्या पडल्या होत्या. शहरातलं एक कुटुंब आलं होतं, चौघं जण. तू जाळं दुरुस्त करायला गेला होतास. मी त्यांना घेऊन निघालो. नेहमीच्या ठिकाणी काठी टाकली, टेकली. पुढे गेलो, टेकली. त्या बाई म्हणाल्या, अजून थोडं. काठी टेकत होती, बगळ्या. मी नियम मोडला नाही. हेच मी स्वतःला चौतीस वर्षं सांगत आलो. दर चार हातांवर काठी टेकत होती आणि मी मनात म्हणत होतो, आपलं, आपलं, आपलं. शेवटी होडी झाडाखालीच गेली.

मग सगळं आभाळ उठलं. इतकी पाखरं एकदम उठताना मी तोवर पाहिली नव्हती, पुढेही नाही. पंखांच्या वाऱ्याने त्या बाईंची टोपी उडाली आणि होडीत माझ्या पायाशी पडली. त्यांच्या लक्षातच आलं नाही, त्या टाळ्या वाजवत होत्या. पाखरं घिरट्या घालत राहिली, खाली उतरेनात. अंडी आणि नुकती निघालेली पिल्लं उन्हात पडली. मग कावळे आले. घारी आल्या. मी पाहुण्यांना धक्क्यावर सोडलं आणि घरी येऊन झोपून राहिलो. अंगात ताप आहे म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तू एकटा गेलास. घरट्यातून पडलेली पिल्लं सदऱ्यात घालून झाडावर चढत होतास, तेव्हा पहारेकऱ्याने तुला पकडलं. सदऱ्यात पिल्लं, बेटावर होडी. आणखी काय पुरावा लागतो? सगळ्या नावाड्यांसमोर वनखात्याच्या साहेबाने विचारलं, "काल इथे माणसं तूच आणलीस ना?" तू माझ्याकडे पाहिलंस.

तू किती वेळ पाहिलंस ते मला माहीत आहे. मी तेवढा वेळ थोरल्याची चड्डी नीट करत होतो. तो सहा वर्षांचा होता, माझ्या पायाशी उभा. चड्डी सरळच होती.

तू नाही म्हणाला नाहीस, हो म्हणाला नाहीस. परवाना गेला. पंधरा दिवसांनी सकाळच्या बसने तूही गेलास. जाण्याआधी धक्क्यावर मला म्हणालास, "दादा, नियम काठीचा नव्हता रे. बाबांना पाखरांची मान दिसायची, आपल्याला दिसत नव्हती म्हणून त्यांनी काठी दिली." आणि मग ते दोन की तीन होड्यांचं. मी तळ्याकडे बघत उभा होतो.

बैठक आठ दिवसांवर आली. थोरला रोज पाठ करून घेतो, "बाबा, तुम्ही एवढंच म्हणा, माझ्या वडिलांचा नियम काठीचा. बाकी मी बघतो." बेचाळीस घरं त्याच्या भरवशावर आहेत. मी उलट बोललो तर तो तोंडावर पडेल, आणि का बोललो हे सांगितलं तर मी. न बोलावं तर पिंपं पार झाडांना लागतील आणि त्या सालचं दर साली होईल.

काय करू? तू धाकटा आहेस, पण अक्कल तुझ्याकडेच जास्त आली. बाबाही म्हणायचे.

दादा

ता. ११ मार्च

चि. बगळ्या,

काल बैठक झाली. अक्षराला हसू नकोस.

निघताना दारात तुझ्या वहिनीने मला थांबवलं. हातात ती टोपी. म्हणाली, "घालून जा. ऊन आहे."

मी म्हटलं, "ही बायकी आहे."

"तेव्हा घरात आणताना नाही दिसलं ते?"

चौतीस वर्षं, बगळ्या. तिने ती पहिल्या आठवड्यातच पाहिली होती. पोतं मी गुंडाळलं होतं, गाठ मात्र तिची होती. हे मला कालपर्यंत कळलं नव्हतं. मी विचारलं, बोलली का नाहीस? तर म्हणते, "तुमच्या तोंडचं वाक्य मी कशाला बोलू?"

शाळेच्या मोठ्या वर्गात बैठक होती. म्हातारी माणसं लहान बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. लॉजवाला उभा राहिला. त्याचं म्हणणं, लोक एवढे लांबून येतात ते ठिपके बघायला नाही, पाखरू फोटोत मोठं आलं पाहिजे. टपरीवाल्या काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मग फोटोच विक बाबा. पाखरं गेली तर माझा चहा प्यायला कोण येणार आहे? माझा चहा मलाच आवडत नाही." सगळा वर्ग हसला. जाळेवाला चिडलेलाच आला होता. इंजिनाच्या होड्या त्याची जाळी फाडतात, पाखरांची रेघ आखता तशी माशांचीही आखा म्हणाला. यावर थोरला म्हणाला, "तुझे मासे तुझं ऐकतात का, रेघेच्या आत थांबायला?" दोघांना मास्तरांनी खाली बसवलं. चौथीच्या वर्गात ओरडतात तसं ओरडून. त्या वर्गात ते शोभलंही.

मग थोरल्याने काठीचा नियम मांडला. छान बोलला. बाबांची आठवण अशी सांगितली की माझेच डोळे भरले. निम्म्याहून जास्त हात वर आले. बाई म्हणाल्या, "आजोबा काय म्हणतात ते ऐकू, मग लिहिते."

मी उभा राहिलो. टोपी डोक्यावरच होती. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याने सोंग बरं काढलंय." मी ती काढून बाकावर ठेवली आणि म्हटलं, "ही टोपी दुष्काळाच्या साली बेटाखाली माझ्या होडीत पडली. माणसं मी नेली होती. काठी टेकत होती म्हणून नेली. माझा भाऊ दुसऱ्या दिवशी पिल्लं परत घरट्यात ठेवायला गेला होता. परवाना त्याचा गेला. जायला माझा हवा होता."

एवढंच. पाठ केलेलं बरंच होतं, ते आठवलं नाही.

बाहेर शाळेच्या नळाखाली बादली भरून वाहत होती, तेवढा आवाज. मग थोरला म्हणाला, "बाबा, मी तिथे होतो ना?" मी म्हटलं, हो, तुझी चड्डी नीट करत होतो. त्याला काही कळलं नाही. किंवा कळलं. उठून बाहेर गेला.

जाळेवाला, जो आयुष्यात कुणाशी सरळ बोलला नाही, तो म्हणाला, "मग काठी नको. दुसरं काय ते सांगा." मी तुझं मानेचं सांगितलं. तुझं आहे असं सांगूनच.

बाईंनी जुनी वही काढली आणि तुझ्या नोंदीखाली सगळ्यांसमोर लिहिलं, "हा नावाडी पिल्लं घरट्यात परत ठेवत होता. माणसं त्याने नेली नव्हती." मला वाचून दाखवलं. शाई पुढे केली. मी म्हटलं, अंगठा नको, सही करतो. चौथी पास आहे.

थोरला घरी बोलत नाही. सूनबाईशीही खुणांनीच चाललं आहे. त्यामुळे मी गप्प, वहिनी मुळातच गप्प. घरात फक्त घड्याळ बोलतं.

दादा

ता. २४ मार्च

चि. बगळ्या,

काल पिंपं बांधली.

सकाळी बाई धक्क्यावर आल्या, पिंपं घेऊन दोन माणसं आली. होडी कुणी न्यायची हे ठरलंच नव्हतं. तेवढ्यात थोरला आला. तेरा दिवसांनी पहिल्यांदा माझ्यासमोर उभा राहिला. इंजिनाकडे गेलाच नाही. आपली जुनी होडी ओढून काढली, वल्ह्यांना ओली फडकी गुंडाळली. त्याला हे कुणी शिकवलं? मी नाही. सहा वर्षांच्या पोराला तूच कधी दाखवलं असशील.

मला हात धरून पुढच्या टोकाला बसवलं. पालथं पडणं आता जमत नाही. निघालो. धुकं नव्हतं, पण चोचींचा आवाज तसाच. सुकी लाकडं रचल्यासारखा. थोरला वल्हं मारी, मग हळूच थांबे. मी डोळे ताणून बघत होतो. झाडं दिसत होती. झाडांवर पांढरं दिसत होतं. मान कुठे आणि पाय कुठे, काही कळेना. जे बघायला शिकायचं ते मी डोळे असताना शिकलो नाही, बगळ्या. आता शिकायला बसलो तर डोळे नाहीत.

मी म्हणणारच होतो की मला दिसत नाही, परत चला. तेवढ्यात मागून थोरल्याचा आवाज आला, अगदी हळू, "बाबा. एकाने मान वर केली."

त्याने होडी जागच्या जागी धरली. श्वास धरून बसला होता. सोडायला विसरला. मी मागे हात नेऊन त्याच्या गुडघ्यावर एक चापट मारली.

बाईंनी विचारलं, "आता किती मागे, आजोबा?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत आणि मला आठवत नाही. दोन की तीन. तुझा चेहरा आठवतो, हातातली पिशवी आठवते, बसचा भोंगा आठवतो. तू बोटं वर केली होतीस. ती किती होती तेवढंच आठवत नाही. मग मी विचार केला की एकदा जास्त पुढे जाऊन चुकलो आहे, आता चुकायचंच तर मागे येऊन चुकावं. मी म्हटलं, तीन.

थोरल्याने तीन होड्या मोजून होडी मागे घेतली. पिंपं तिथे बांधली. संध्याकाळी त्याचे नावाडी कुरकुरत होते, एक होडी जास्तच मागे आली म्हणून. तो म्हणाला, "काकांचा नियम आहे. कमी करायचा असेल तर काका करतील."

तेव्हा आता हे तुझ्यावर आलं आहे. सकाळची बस अजून त्याच वेळेला येते. माझी पत्रं परत आलेली नाहीत, म्हणजे कुणीतरी वाचतं आहे. तुझा पेला वहिनीने घासून फळीवर ठेवला आहे. कशासाठी ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

दोन असेल तर ये आणि भांड. पत्रातून भांडू नकोस, मला हल्ली बारीक अक्षर वाचता येत नाही.

आणि तीन असेल, तरीही ये.

तुझा
दादा